उत्तेजनार्थ

आमच्या मंडळात कुणाला घालवायचं असलं की त्याचा सत्कार करतात. भांडण नाही, पत्र नाही, कुणी तोंडावर ‘तुम्ही आता नको’ म्हणत नाही. गणपतीतल्या एखाद्या संध्याकाळी स्टेजवर बोलावतात, खांद्यावर शाल टाकतात आणि ‘यांनी मंडळासाठी आयुष्य वेचलं’ असं माइकवरून सांगतात. आयुष्य वेचून झालं म्हटल्यावर माणसानं काय करायचं, घरी जायचं. वाचनालय सांभाळणारे काका असेच गेले. भजनाच्या ताई अशाच गेल्या. नारळ देणं म्हणजे काय, हे काय मला कुणी शिकवायला हवं होतं? तरी माझी पाळी आली तेव्हा मी नवी साडी नेसून, केसांत गजरा माळून गेले. बोला आता.

मंडळाचा हॉल तुलसी नगरात, जुन्या सरकारी क्वार्टरांच्या मागे आहे. नागपूरची सरकारी कचेरी उठून भोपाळला आली तेव्हा तिच्यामागे कारकुनांची बिऱ्हाडं आली, त्यात माझे वडील होते. इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेरकडची मंडळीही येऊन मिळाली आणि सगळ्यांनी मिळून हा हॉल उभा केला. आमचे अध्यक्ष प्रत्येक भाषणात सांगतात, ‘भोपाळच्या तळ्यात जसं बेट, तसं हिंदीच्या महासागरात आपलं हे मराठीचं बेट.’ तळ्यातून एकदम महासागरात कसे पोचतात कोण जाणे, पण टाळ्या पडतात. बेटावर गणपती बसतो, कोजागिरीचं दूध आटतं, हळदीकुंकू होतं, पाककृती स्पर्धा होते, रांगोळीचा वर्ग चालतो. आणि शनिवारी संध्याकाळी मुलांचा नाटकाचा वर्ग चालायचा. तो माझा.

बेटावर सगळं होतं, फक्त मराठी कुणी बोलत नव्हतं. दारावरची पाटी मराठी, सूचनाफलक मराठी, आणि खाली चपला काढताना आया पोरांना सांगणार, ‘बेटा, शूज लाइन में रखो.’ व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर मी शुद्ध मराठीत तालमीची वेळ टाकली की खाली ‘जी मॅम’, ‘ओके दीदी’ आणि हात जोडलेली चित्रं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. मी काही हिंदीच्या नावानं बोटं मोडणारी नाही हं. आयुष्यभर सरकारी शाळेत मी हिंदीच शिकवली, त्यावर घर बांधलं, आणि मला ती भाषा आवडते. पण मराठी टिकवतो म्हणून छातीवर बिल्ले लावून हिंडणाऱ्यांनी निदान आपल्या पोरांशी तरी मराठीत बोलावं. ते राहिलं बाजूला. त्यांना वर्षातून एकदा पोरगं स्टेजवर मराठीत बोललेलं हवं असायचं, मोबाइलमध्ये धरून पुण्याच्या नातेवाइकांना पाठवायला.

वर्गात जी एक मुलगी मराठी बोलायची, ती मराठी नव्हती.

ती माझ्या शेजारची. आम्ही आनंद नगरला राहतो, आमची कंपाउंडची भिंत एकच आहे. तिचे वडील कारखान्यात पाळीवर, आई नर्स. सागर जिल्ह्याकडची माणसं, घरात हिंदी, म्हणजे बुंदेलीच. आईची दिवसपाळी असली की ही पोर आमच्या घरी, माझ्या आईजवळ. रांगत होती तेव्हापासून. मी शाळेत जायची आणि घरात या दोघी.

माझ्या आईचा भोपाळमध्ये जन्म गेला तरी तिला हिंदी आली नाही. आली नाही म्हणजे तिनं येऊ दिली नाही. दूधवाला असो, डॉक्टर असो, गॅसवाला असो, ती आपली वऱ्हाडी बोलायची आणि समोरच्याला समजायचं. ‘काऊन रे भाऊ, कालच्यान दूध पातळ काऊन देऊन राह्यला?’ तो दूधवाला बिचारा मान खाली घालून ‘नहीं माताजी’ म्हणायचा. या पोरीनं तेच उचललं. तीन वर्षांची असताना ती भिंतीवरून तिच्या आईला म्हणाली होती, ‘मी नाही येत जा, मले आजीजवळ झोपाचं हाय.’ तिच्या आईला हसून हसून रडू आलं. मला म्हणाली, ‘दीदी, मैं इसकी माँ हूँ और मुझे ही समझ में नहीं आता ये क्या बोलती है.’ बोलण्यात राग नव्हता, कौतुकच होतं. मला ती पोर मावशी म्हणायची, आणि माझी आई तिला पोट्टी म्हणायची. तिचं खरं नाव आमच्या घरात कुणी घेतलंच नाही.

आई गेली आणि घर गप्प झालं. माझं लग्न झालेलं नाही, भाऊ परदेशात, त्यामुळे घरात मी एकटी. माझी मराठी शिकून शिकून धुतलेली, इस्त्री केलेली झालीय. आईची बोली मला समजते, पण माझ्या तोंडात ती बसत नाही, नक्कल केल्यासारखी वाटते. पोरीच्या तोंडात ती जन्मल्यासारखी होती. शाळेतून आली की भिंतीवरून विचारायची, ‘मावशी, काय करून राह्यली वो?’ आणि आत भांडी घासताना माझा हात थांबायचा. आईच विचारतेय असं वाटायचं. शब्द तेच, आणि ‘वो’ म्हणताना आवाज जरा वर नेण्याची लकबही तीच. जगात आईचं म्हणून जे काही शिल्लक होतं ते या पोरीच्या तोंडात होतं, आणि मला ते एकदा सगळ्यांसमोर ऐकायचं होतं. दुसरं काही नाही.

म्हणून मी नाटक लिहिलं. अगदी साधं. एका म्हातारीच्या घरात चोर शिरतात आणि म्हातारी त्यांना घाबरायच्या ऐवजी कामाला लावते. एकाला तुरीच्या शेंगा सोलायला बसवते, एकाला गादी उन्हात टाकायला सांगते, एकाच्या डोक्याला तेल लावते आणि वर त्याच्या आईचा उद्धार करते. शेवटी चोर दमून, जेवून, पाया पडून जातात. म्हातारीचं एक लांबलचक भाषण होतं, तोंडाचा पट्टा नुसता. त्यातलं माझं काही नव्हतं. आई जे जे बोलायची, दुधावरून, उन्हावरून, माझ्या लग्नावरून, ते मी आठवून आठवून उतरवलं होतं. कुठे अडलं की पोरीला विचारायची, ‘आजी यावर काय म्हणायची गं?’ आणि ती पटकन सांगायची.

तालमीला शनिवारी आम्ही स्कूटरवरून जायचो. आनंद नगरहून निघायचं, पुढे महाराणा प्रताप नगरात कोचिंग क्लासच्या पोरांची गर्दी आणि मेट्रोच्या खांबांची अडचण, आणि मागे बसून ही पोर म्हातारीचं भाषण घोकतेय. सिग्नलला शेजारचे लोक वळून बघायचे. एकदा एका रिक्षावाल्यानं विचारलं, ‘बिटिया किसको डाँट रही है?’ ती म्हणाली, ‘चोर को, भैया,’ आणि सिग्नल सुटला.

वर्गातल्या मुलांना ती आवडायची. ती उभी राहिली, कंबरेवर हात ठेवून ‘कोन्या मायचा पोट्टा हायेस रे तू?’ म्हणाली की चोर झालेली पोरं खरोखर दचकायची. अध्यक्षांची नातही त्यात होती, गोड मुलगी, डोळे मोठ्ठे, तिसऱ्या चोराचं काम करायची आणि मनापासून हसायची. त्या लेकराबद्दल माझ्या मनात तेव्हाही काही नव्हतं आणि आताही नाही. मोठ्यांच्या उद्योगात लहानांना कशाला ओढा?

गणपती पंधरा दिवसांवर आले तेव्हा अध्यक्ष आणि सेक्रेटरी दोघं माझ्या घरी आले. येताना पेढे घेऊन आले, तेव्हाच मी ओळखलं. या माणसांनी कुणाकडे चहाबरोबर बिस्किट सुद्धा कधी नेलेलं नाही.

सेक्रेटरींनी सुरुवात केली. पुण्याहून मोठे पाहुणे येणार आहेत, महाराष्ट्राबाहेर मराठी जपणाऱ्या मंडळांचा ते अभ्यास करतायत, आणि नाटकातल्या ‘उत्कृष्ट मराठी बोलणाऱ्या’ मुलाला स्वतःच्या हातानं बक्षीस देणार आहेत.

‘छान,’ मी म्हटलं.

‘तर ते... मुख्य भूमिका जरा,’ सेक्रेटरी म्हणाले आणि अध्यक्षांकडे बघितलं.

अध्यक्षांनी गळा साफ केला. ‘ताई, मुलगी गुणी आहे, प्रश्नच नाही. पण उद्या पाहुण्यांनी नाव विचारलं, आडनाव विचारलं, तर आपण काय सांगायचं? भोपाळच्या मराठी मंडळात मराठी बोलणारं एकही मराठी मूल नाही? नाक कापलं जाईल हो आपलं.’

‘पण नाहीच आहे,’ मी म्हटलं. ‘मग कापलं तर कापलं.’

‘असं तोडून बोलू नका. नियमही आहेच, स्टेजवर सभासदांचीच मुलं.’

‘मग करा तिच्या आईला सभासद. आत्ता अर्ज भरते.’

सेक्रेटरी हळूच म्हणाले, ‘घटनेत लिहिलंय ताई, ज्यांची मातृभाषा मराठी.’

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, ‘मातृभाषा म्हणजे आईची ना? हिची आजीची आहे. तुमच्या घटनेत आजी बसते का? आणि तुमच्या नातवंडांची मातृभाषा कुठली आहे ते सांगा, म्हणजे त्यांचीही नावं काढू.’ अध्यक्षांना ते लागलं. चहा तसाच ठेवून उठले. दारात म्हणाले, ‘म्हातारीचं काम आमची नात करेल. नाटक करायचं नसेल तर नका करू. बाकीच्या पोरांच्या आईबापांना तुम्हीच सांगा. आणि हो, यंदा तुमचा सत्कार ठरलाय, बरं का.’ माणूस तोंड दाबून बुक्क्या मारतो आणि वर मलम कुठे मिळेल तेही सांगतो, अशातला प्रकार.

हे सगळं भिंतीपलीकडे ऐकू गेलं होतं. ती पोर दुसऱ्या दिवशी आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. मी म्हटलं, नाटक बंद. ती म्हणाली, ‘कायले बंद? आजीचं बोलणं हाय त्याच्यात. मी विंगेत बसतो न मावशी, त्या पोरीले शिकवतो. तिले नाही आलं तं मी आतून सांगीन.’ आई वऱ्हाडी बायकांसारखी ‘मी बसतो, मी सांगतो’ म्हणायची, ही पण तसंच म्हणायची. तिनं ते इतकं सहज सांगितलं की जणू शेजारी पोळ्या लाटायला मदत करायचीय.

आणि तिनं खरंच शिकवलं. अध्यक्षांच्या नातीला समोर बसवून एकेक वाक्य, एकेक शब्द. ते लेकरू म्हणायचं, ‘यार, ये ळ मेरे से होता ही नहीं,’ आणि ही तिला जीभ कुठे लावायची ते दाखवायची. दोघी हसायच्या. नाटकाच्या आदल्या दिवसापर्यंत अर्धं भाषण पाठ झालं होतं. अर्धं नव्हतं.

त्या संध्याकाळी हॉल भरलेला होता. आरती झाली, मोदक वाटले गेले, पाहुणे पहिल्या रांगेत सोफ्यावर. कडक इस्त्रीचा झब्बा, चेहऱ्यावर कौतुक करायला आलेल्या माणसाचं हसू. मागच्या रांगेत माझी शेजारीण, ड्यूटी बदलून आलेली, नर्सच्या चपलांवर सणाची साडी. मुलगी विंगेत होती म्हणजे दिसणारही नव्हती, तरी आली होती.

पडदा उघडला. सुरुवात बरी झाली. म्हातारीनं चोरांना धरलं, शेंगा सोलायला बसवलं, लोक हसले. मग भाषण आलं. लेकरानं पहिली चार वाक्यं म्हटली आणि थांबलं. डोळे आणखी मोठे झाले. हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

मी दुसऱ्या बाजूच्या विंगेत होते, तिथून समोरची पोर मला स्पष्ट दिसत होती. मोडक्या खुर्चीवर बसलेली, घरच्याच फ्रॉकमध्ये. तिनं पुढचा शब्द कुजबुजून सांगितला. उपयोग नाही. पुन्हा सांगितला. स्टेजवरच्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ही पोर खुर्चीवरून उठली, कंबरेवर हात ठेवले आणि सरळ बोलायला लागली. कुजबुज नाही, मोठ्यांदा. ‘काऊन रे, कोन्या मायनं जेवू न घालता धाडलं तुले? तुह्या मायले सांग, म्हातारीच्या घरी येताना पोट भरून येत जाय, रिकाम्या पोटी चोरी होते का रे बेकार?’ आणि मग सुटलीच. दूध, ऊन, पोरीचं न झालेलं लग्न, सगळं. स्टेजवरच्या लेकराला कळलं काय करायचं ते. तिनं काठी उगारली, मान हलवली, तोंड नुसतं उघडत-मिटत राहिली. हॉल हसून लोळत होता. मी अंधारात पडदा धरून उभी होते आणि रडत होते. आई आली होती हो. खोटं नाही सांगत. मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं, आणि तिथेच थांबले असते तर कदाचित बरं झालं असतं, पण थांबायचं माझ्या स्वभावात नाही.

नाटक संपलं. पहिल्या दोन रांगांना आवाज कुठून येतो ते कळत होतं, याची मला खात्री आहे. तिथून विंग दिसते. अध्यक्ष पहिल्या रांगेत होते. पाहुणे उठले, माइक घेतला आणि म्हणाले, ‘भोपाळसारख्या ठिकाणी हा अस्सल वऱ्हाडी ठसका ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. या मुलीच्या घरी भाषेचे संस्कार आहेत.’ आणि बक्षीस अध्यक्षांच्या नातीला. ते लेकरू घेताना सारखं विंगेकडे बघत होतं. अध्यक्षांनी तिला वळवून फोटोसाठी समोर उभं केलं.

मग माझं नाव पुकारलं. शाल, श्रीफळ, ‘यांनी आयुष्य वेचलं’, आणि ‘पुढच्या वर्षीपासून ही धुरा तरुण पिढी सांभाळेल, ताईंनी आता आशीर्वाद द्यावेत’. मनात ठाऊक होतं, पण उघड सांगितलं ते मला हॉलबरोबरच. मनोगत म्हणून माइक हातात आला. मी ठरवलेलं होतं की मुकाट्यानं दोन वाक्यं बोलायची. पण ते ‘घरचे संस्कार’ मला पचले नव्हते.

मी म्हटलं, ‘पाहुण्यांनी ज्या ठसक्याचं कौतुक केलं तो स्टेजवर नव्हता, विंगेत होता. अजून तिथेच आहे.’ आणि पोरीला हात केला, ‘ये गं पोट्टी.’

ती आली. फ्रॉक नीट करत, हसत आली. तिला वाटलं असणार, मावशीनं बोलावलं म्हणजे चांगलंच काहीतरी असणार. सेक्रेटरी पाहुण्यांच्या कानाला लागले. काय सांगितलं ते मला नंतर कळायची गरज पडली नाही, कारण पाहुण्यांचा चेहरा लगेच बदलला. लहान मुलांशी आणि मुक्या जनावरांशी बोलताना लोकांचा होतो तसा. ते वाकले आणि तिला मोठ्यानं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, ‘बेटा, आप, मराठी, समझती, हो?’

आत्ताच तिनं पूर्ण हॉलला हसवलं होतं. आत्ताच.

तिनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, ‘हाव, समजते न.’

‘अरे वा,’ पाहुणे हॉलकडे वळून म्हणाले, ‘ये तो बोलती भी है.’ आणि हॉलनं टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, तेच वाईट. संबंध भाषणाला ती अदृश्य होती आणि दोन शब्दांना टाळ्या. अध्यक्ष तर आमच्यात तयारच माणूस. ते पटकन म्हणाले, ‘हिंदीभाषिक असूनही एवढी आवड! हिला आपण उत्तेजनार्थ देऊ.’ द्यायला काही नव्हतं, तेव्हा महिला मंडळाच्या पाककृती स्पर्धेतला उरलेला एक स्टीलचा डबा कपाटातून काढला. झाकणावर मंडळाचं नाव घातलेलं. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ते हरवू नये म्हणून, दुसऱ्याकडे राहिलं तर परत यावं म्हणून. तो डबा तिच्या हातात दिला, गालाला हात लावला आणि फोटो काढला. त्या फोटोत मी पण आहे, शाल पांघरून.

मी माइक पुन्हा मागितला. सेक्रेटरींनी तो बंद केला आणि राष्ट्रगीत सुरू झालं. राष्ट्रगीताला काय करता, उभं राहावंच लागतं. ते संपलं तेव्हा मागच्या रांगेतली माझी शेजारीण स्टेजच्या पायऱ्यांशी आली होती. तिनं कुणाकडेच बघितलं नाही. पोरीचा हात धरला आणि म्हणाली, ‘चलो, घर चलो.’ जाता जाता ती माझ्यापाशी थांबली. तिनं नुसती माझ्या खांद्यावरची घसरलेली शाल सारखी केली आणि गेली.

शनिवारचा वर्ग गेला. आता त्या हॉलमध्ये शनिवारी ‘व्यक्तिमत्त्व विकास’ घेतात, इंग्रजीतून. अध्यक्षांचा फोन आला होता, गैरसमज नको म्हणाले. मी म्हटलं, गैरसमज अजिबात नाही, सगळं नीट समजलंय. मग त्यांनी तब्येतीला जपा म्हणून सांगितलं. बेट अजून आहे, भाषणं चालू आहेत, पुण्याच्या पाहुण्यांचा लेख कुठेसा छापून आला आणि त्याचा फोटो ग्रुपवर फिरला, खाली हात जोडलेली चित्रं. मी ग्रुप सोडला नाही. का सोडू? बसू दे त्यांना माझं नाव बघत.

मंडळ खड्ड्यात जाऊ दे, ते मी सोसलं. भिंतीचं मला सोसलं नाही. पोर भिंतीवर यायची बंद झाली. पहिले काही दिवस मी म्हटलं, परीक्षा असेल. नंतर दिसायची, सायकल काढताना, कपडे वाळत घालताना. मान हलवायची, हसायची सुद्धा. बोलायची नाही. मी इकडून मुद्दाम आवाज चढवून भाजीवालीशी बोलायची, आईसारखं बोलायचा प्रयत्न करायची, म्हणजे तरी हसेल, माझी चूक काढेल. पूर्वी काढायची. ‘असं नाही वो मावशी, आजी असं नोती म्हणत.’ आता घरातून फक्त टीव्हीचा आवाज यायचा. तिला महाराणा प्रताप नगरात कोचिंगला घातलंय असं दूधवाल्याकडून कळलं. भिंतीपलीकडची बातमी मला दूधवाला सांगतो, इथपर्यंत आलं होतं.

दिवाळीला मी फराळाचं ताट त्यांच्याकडे पाठवलं, आईच्या वेळेपासून जातं तसं. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी फाटक वाजलं. पोर उभी होती. उंची वाढल्यासारखी वाटली, केस वेगळे बांधलेले. हातात डबा होता, वर स्वच्छ रुमाल बांधलेला.

मला इतका आनंद झाला की मी आईचंच वाक्य बोलून गेले. ‘काय करून राह्यली वो पोट्टी? दिसून नाही राह्यली.’ माझ्या तोंडात ते पहिल्यांदाच बरोबर आलं असेल.

‘कुछ नहीं आंटी,’ ती म्हणाली. ‘मम्मी ने गुजिया भेजी है. हैप्पी दिवाली.’

तिला समजलं होतं. प्रत्येक शब्द समजला होता, तिच्या तोंडाचा कोपरा हलला तो मी बघितला. पण ती जी आंटी म्हणाली त्यात आगाऊपणा नव्हता, राग नव्हता. शिकवल्यासारखं, नीट म्हणाली. कुठे काय बोलायचं असतं ते शहाण्या मुलीला कळतं तसं.

मी रुमाल सोडला. तोच डबा. झाकणावर मंडळाचं नाव, आत गुजिया, त्यांच्याकडच्या करंज्या, काठोकाठ. मी म्हटलं, ‘थांब, रिकामा करून देते. रिकामा नाही, लाडू घालून देते, आजी द्यायची तसं.’

‘नहीं आंटी,’ ती म्हणाली. ‘मम्मी ने बोला है, डिब्बा वापस नहीं लाना. आप लोगों का ही है.’

आप लोगों का. मी त्या लोकांतली. एवढं भांडून, एवढं तोंड वाजवून शेवटी मी त्या लोकांतली. डबा हातात जड होता. ती फाटकाला हात लावून उभी होती, जायची परवानगी मागत असल्यासारखी, आणि मला कळेना की तिला आता काय म्हणायचं, कुठल्या शब्दांत म्हणायचं.

‘ठीक है बेटा,’ मी म्हटलं. ‘मम्मी को नमस्ते कहना.’

ती रांगत होती तेव्हापासून मी तिला ओळखते. तिच्याशी हिंदीत बोलले ते त्या दिवशी पहिल्यांदा.